वस्तऱ्याची मिशी आणि वळणावरची पायरी

पैज लागली ती एका रिकाम्या खोलीवरून.

तिसऱ्या मजल्यावरची खोली बरेच दिवस बंद होती. रविवारी तिथे नवीन भाडेकरू येणार अशी बातमी आली आणि इमारतीच्या दारातल्या बाकावर संध्याकाळी जमणाऱ्या मंडळींना चघळायला विषय मिळाला. कोण येणार, एकटा की सहकुटुंब, काही पत्ता नव्हता. पण तळमजल्यावर दाढीकटिंगचं दुकान चालवणाऱ्या आणि वर पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या न्हाव्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती.

"कोणी का येईना," तो म्हणाला, "वळणावरच्या पायरीवर धडपडणार म्हणजे धडपडणार."

ह्या न्हाव्याला सगळे वस्तरा म्हणायचे, आणि ते दुकानातल्या हत्यारावरून नाही, तोंडातल्या हत्यारावरून. ओठावर मात्र अशी झुपकेदार मिशी, की गिऱ्हाईक आधी मिशीशी बोलायचं, मग त्याच्याशी.

बाकाच्या टोकाला बसलेला गवंडी ताठ झाला. तसा तो झोपेतसुद्धा ताठच असायचा. त्याचं नाव पडलं होतं ओळंबा. भिंत सरळ चढतेय की नाही हे बघायला गवंडी दोरीच्या टोकाला वजन बांधून सोडतात ना, तो ओळंबा. ह्याच्या खिशात तो कायम. कुणाकडे गेला की चहा येईपर्यंत हा उठून भिंतीवरचे फोटो सरळ करणार. एकदा एका आजाऱ्याला भेटायला गेला आणि "कसं वाटतंय?" विचारायच्या आधीच म्हणाला, "तुमचा पलंग डावीकडे कललाय." तो आजारी माणूस रागानेच उठून बसला आणि बरा झाला, असं वस्तरा सांगायचा.

आणि हा जिना बांधला होता ओळंब्यानेच. ऐन तारुण्यात. त्याची पहिली मोठी कामगिरी. जिना पुरा झाला आणि इमारत इतकी आवडली की गडी तिथेच दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहिला.

"माझ्या जिन्यात खोट नाही," ओळंबा म्हणाला. "लोकांच्या पायात आहे."

"अरे, पोस्टमन पडतो, गॅसवाला पडतो. मावशीचा जावई पहिल्यांदा आला तो सरपटतच आला. सगळ्यांचे पाय वाकडे?"

"माझ्या जावयाचं नाव मध्ये घेऊ नकोस," पहिल्या मजल्यावरची शिवणमावशी म्हणाली. मावशी कपडे शिवायची आणि बोलताना तोंडात दोरा धरायची, त्यामुळे तिचा राग नेहमी अर्धाच ऐकू यायचा. "पण पडला होता खरा."

"चप्पल सैल होती त्याची!"

"गॅसवाल्याची?"

"खांद्यावर सिलेंडर होता."

"पोस्टमनची?"

"पत्रं वाचत चालतो तो. लोकांची."

सगळे हसले. ओळंबा हसला नाही. वस्तऱ्याने नेमकं तेच हेरलं.

"मग लावतोस पैज? नवीन भाडेकरू अडखळला, तर तू सगळ्यांसमोर त्या पायरीवर उभं राहून ओरडायचंस, 'पायरी चुकली, मी चुकलो!' आणि मी डबा बडवणार."

"आणि नाही अडखळला तर?"

वस्तऱ्याने क्षणभर विचार केला. मग बोटाने मिशीचं टोक पिळलं. "तर ही जाईल. भर रस्त्यात, माझ्याच हाताने."

मावशीच्या तोंडातला दोरा खाली पडला. वस्तऱ्याची मिशी म्हणजे गल्लीची खूण. लोक पत्ता सांगताना म्हणायचे, मिशीपासून डावीकडे वळा.

"मावशी साक्षीला," ओळंबा म्हणाला. "आणि नवीन माणसाला आधी कुणी काही सांगायचं नाही."

"सांगायला पायरी आहेच की," वस्तरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओळंबा इस्त्रीचा शर्ट घालून निघाला, कारण लेकीने बोलावलं होतं. लेक बापाच्याच धंद्यात. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग तिचं काम बघून तोंडं बंद केली. मागच्या गल्लीत बेकरीवाल्या मालकाची नवी दुमजली इमारत उठत होती आणि तिच्यातला जिना लेकीने एकटीच्या जबाबदारीवर बांधला होता. पहिला जिना. बापाने बघून हो म्हटलं की मालक काम पास करणार होता.

जिना बघून ओळंबा दारातच थांबला. पोरीने थेट त्याच्याच जिन्यासारखा काढला होता. खाली रुंद, मग निमुळता, मग वळण. कडा अशा की वाटावं सुरीने लोणी कापलंय. त्याच्या घरात "छान" हा शब्द फार जपून वापरायचे, पाहुण्यांच्या कपबशा असाव्यात तसा.

"चढून बघू," एवढंच म्हणाला.

खाली मालक उभा, कामगार उभे, लेक श्वास रोखून उभी. ओळंबा ताठ चढत गेला. वळण घेतलं. पुढची पायरी. पाय उचलला, टेकवला आणि धप्प! जिथे पायरी लागेल असं पायाला वाटलं तिथे नुसती हवा होती, पाय खाली आदळला, तोल गेला आणि गल्लीतला सगळ्यात सरळ माणूस भिंतीला मिठी मारून उभा राहिला.

कामगारांतला एकजण खुसखुसला. ओळंब्याच्या कानशिलांना आग लागली.

"ही पायरी चुकलीय," तो म्हणाला.

लेकीचा चेहरा उतरला. "बाबा, मोजलीय मी."

"परत मोज."

तिने टेप लावला. खालची, वरची, मधली, सगळ्या सारख्या. केसाचा फरक नाही.

"टेप ढिला झाला असेल," ओळंबा म्हणाला.

लेक हळूच म्हणाली, "खरं सांगू? मीही तिथेच अडखळते. रोज. मला वाटलं दमल्यामुळे होतंय. पण आता तुम्हीपण... म्हणजे चुकलंच असणार."

मालकाने हात झाडले. "मिस्त्री, तुमच्या नावावर मी हिला काम दिलं. आता बापच म्हणतो चुकलं, तर मी काय बोलणार? पोरी, रविवारी तोड ती पायरी. माझी सकाळ मोकळी आहे, मी समोर उभा राहीन. पुढचा जिना मात्र दुसऱ्याला देईन म्हणतो."

लेकीने मान हलवली. एका शब्दाने वाद घातला नाही. बाबा म्हणाले चूक, म्हणजे चूक. लहानपणापासून तिचा देवावर होता तेवढाच विश्वास त्या खिशातल्या दोरीवर होता.

घरी येताना ओळंब्याच्या डोक्यात घण पडत होते. टेप खोटा बोलत नाही, हे त्याला लेकीपेक्षा जास्त ठाऊक. मग पाय का चुकला? विचार करतच तो स्वतःचा जिना चढला. वळण घेतलं आणि तिथेच थांबला.

त्याचा उजवा पाय हवेत होता. वाजवीपेक्षा उंच. त्याने तो उचलला नव्हता, पायच आपणहून उचलला गेला होता. घोडं ओळखीच्या वाटेला लागावं तसा.

ओळंबा खाली बसला. खिशातून टेप काढला. इतक्या वर्षांत ह्या पायरीला त्याने कधी टेप लावला नव्हता. कशाला लावणार? आपल्या हाताला कुणी टेप लावतं का?

पायरी बाकीच्यांपेक्षा अंगठाभर उंच होती. चांगला जाड, गवंड्याचा अंगठा.

वरून बायको कचऱ्याची बादली घेऊन उतरत होती. नवऱ्याला पायरीशी टेप घेऊन बसलेला बघून ती थांबली.

"सापडली का?" ती म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"अहो, ह्या घरात पहिल्यांदा आले तेव्हा अंगठ्याचं नख गेलं माझं. माहीत नसायला काय झालं!"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी?" ती बादली खाली ठेवून त्याच्या शेजारी बसली. "आणि मला काही तिचा जाच नाही. दिवे गेलेले असले तरी पायाला कळतं, आलं घर. सगळ्यांना कळतं. ह्या इमारतीत कुणी पायऱ्या मोजत नाही, हिच्याशी आलं की झालं."

ओळंबा पायरीकडे बघत राहिला. "पोरीच्या जिन्यावर अडखळलो आज. हिच्यामुळे. माझा पाय हिच्यासाठी उचलला आणि तिथे ही नव्हतीच."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"चुकलीय म्हणालो. रविवारी तोडतेय ती."

"चूक पोरीची म्हणालात." बायकोचा आवाज चढला नाही, तेच वाईट. "तुम्हाला स्वतःची चूक चालत नाही, म्हणून तिलाही चालेना. चांगली पायरी फोडायला निघालीय ती. तुम्ही सांगाल तर घरसुद्धा फोडेल."

बादली उचलून ती उतरून गेली. आणि जाताना त्या पायरीवरून अशी अलगद गेली, जशी रोज जाते.

शनिवारभर ओळंबा मनातल्या मनात देवाशी सौदा करत होता. येऊ दे तो भाडेकरू. तरणाबांड असू दे. जरासा अडखळू दे, लागू देऊ नकोस. म्हणजे पैज हरलो म्हणून ओरडायला लागेल, आणि ओरडता ओरडता पोरीचंही सांगून टाकीन. आपणहून तोंड उघडणं त्याला जमण्यातलं नव्हतं. कुणीतरी ढकलायला हवं होतं.

रविवारी सकाळी टेम्पो आला. त्यातून आधी एक कॉट उतरली, मग एक खुर्ची, मग एक काठी. काठीला धरून एक म्हातारी. निवृत्त नर्स, आयुष्यभर दुसऱ्यांना धरून चालवलं, आता स्वतः काठी धरून.

बाकावरच्या मंडळींचे चेहरे पडले. वस्तऱ्याच्या दुकानात अर्ध्या गालाला साबण लावून बेकरीवाला मालक बसला होता. वस्तरा त्याला तसाच सोडून बाहेर आला.

"ओळंब्या," तो पुटपुटला, "सोडून देऊ पैज. म्हातारी पडली तर डबा कुणाच्या डोक्यात घालू?"

पण ओळंबा तिथे होताच कुठे? तो नर्सबाईंच्या मागे जिना चढत होता, दोन्ही हात पसरून, कोंबडी पकडायला निघाल्यासारखा.

"काय हो, माझ्यामागे काय करताय?" नर्सबाईंनी वळून विचारलं.

"काही नाही बाई. हवा खातोय."

"जिन्यात?"

"इथे छान येते."

वळण आलं. ओळंब्याचा जीव त्याच्या त्या अंगठ्यात गोळा झाला. नर्सबाईंनी काठी टेकली, एक पाय ठेवला, दुसरा पाय त्याच्याशेजारी ठेवला, श्वास घेतला. पुढची पायरी. काठी, पाय, पाय. त्या पायरीवरही काठी, पाय, पाय. म्हाताऱ्या माणसाला कुठल्याच पायरीचा भरवसा नसतो, म्हणून त्या पडल्या नाहीत. वर पोचल्या, दाराला टेकल्या आणि म्हणाल्या, "जिना छान आहे हो. कुणी बांधला?"

जन्मभर ज्या वाक्याची वाट बघितली ते कानात पडलं, आणि ओळंब्याला वाटलं कुणीतरी थोबाडीत मारली.

खाली बातमी त्याच्याआधी पोचली होती. ओळंबा जिंकला! वस्तऱ्याने दुकानातली खुर्ची रस्त्यात ओढली होती, आरसा मावशीच्या हातात दिला होता आणि मिशीला फेस लावून वस्तरा उघडला होता. माणूस चहाटळ खरा, पण शब्दाचा पक्का. पोरंबाळं, भाजीवाला, टेम्पोवाला, सगळे जमले. मालक अर्ध्या फेसासकट दारात येऊन उभा. आणि गर्दीच्या कडेला खांद्यावर घण घेतलेली लेक. मालकाला न्यायला आली होती, पायरी तोडायला.

"जय हो ओळंबा मिस्त्रींचा!" वस्तरा म्हणाला आणि हातातलं पातं ओठाजवळ नेलं. डोळ्यांत पाणी होतं. ते साबणाचं असं तो पुढे कितीतरी दिवस सांगत होता.

ओळंब्याने लेकीकडे बघितलं. मग घणाकडे. आता ढकलायला कुणी नव्हतं. जिंकलेल्या माणसाला कोण ढकलणार?

"थांब रे!" तो ओरडला. "हात खाली घे. हरलो मी."

"बाई तर पडल्या नाहीत," मावशी म्हणाली.

"बाई सावध आहेत म्हणून. पायरी अंगठाभर उंच आहे. मी मोजली. शुक्रवारीच मोजली." एवढं बोलून त्याला वाटलं होतं छातीवर दगड पडेल. पडला नाही. उलट श्वास मोकळा झाला. मग आवाज आपोआप वाढला. "आणि मालक, तुम्ही ऐका. माझ्या पोरीची पायरी बरोबर आहे. मी अडखळलो, कारण माझ्या पायाला माझ्या चुकीची सवय. तिचाही पाय ह्याच जिन्यावर वाढला, म्हणून तीही अडखळते."

"बाबा..." लेक म्हणाली.

मालकाने गालावरचा फेस पुसला. "मिस्त्री, बापाची माया मी समजू शकतो. पण परवा चूक म्हणालात, आज बरोबर म्हणता."

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नका. ह्यांच्या पायांवर ठेवा." ओळंब्याने सगळ्या इमारतीकडे हात केला. "चला सगळे."

आणि निघाली वरात मागच्या गल्लीत, लेकीच्या जिन्याकडे. पुढे ओळंबा, मागे फेस लावलेला वस्तरा, आरसा हातात घेतलेली मावशी, बायको, अख्खी इमारत. टेम्पोवाला आणि भाजीवालाही आले, कारण असला तमाशा कोण सोडतो?

"एकेकाने चढा," ओळंबा म्हणाला. "मुद्दाम काही करू नका. गप्पा मारत चढा, घरी चढता तसे."

आधी मावशी. जावयाची तक्रार सांगत चढली, वळण घेतलं आणि धप्प! "अगं बाई!"

मग वस्तरा. "मी नाही हो अडखळणार, मला आता माहीत आहे," म्हणत गेला आणि धप्प! भिंतीवर मिशीचा पांढरा ठसा उमटला. नव्या इमारतीत पहिली रंगरंगोटी त्याचीच.

मग बायको. धप्प. मग वरच्या मजल्यावरचा पेन्शनर. धप्प. प्रत्येक धप्पाला खालून हशा आणि टाळ्या. माणसं रांग लावून अडखळायला लागली, मोठ्या अभिमानाने, जणू खानदानी कला दाखवताहेत.

मग टेम्पोवाला चढला. सरळ गेला, सरळ आला. भाजीवाला गेला, टोपलीसकट. काही नाही. शेवटी मालक स्वतः चढला. एकदा, दोनदा. वरच उभा राहिला आणि खाली वाकून हसायला लागला.

"पोरी," तो म्हणाला, "घण ठेव खाली. आणि पुढचा जिनाही तूच बांध. फक्त ह्या मंडळींना चढू देऊ नकोस, माझी इमारत पाडतील."

लेकीने घण ठेवला. तिने त्या पायरीकडे बघितलं, मग बापाकडे. शेवटी ओळंब्याने पाहुण्यांच्या कपबशीला हात घातला.

"छान बांधलायस," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा छान."

पण पैज ती पैज. वरात परत फिरली. वस्तऱ्याने दुकानातून पत्र्याचा डबा आणला. ओळंबा घरातून छिन्नी आणि थापी घेऊन आला. पैज फेडायची आणि मग पायरी तासून बाकीच्यांच्या रांगेत बसवायची, असा त्याचा बेत. त्याबरोबर जिन्यात बोंब उठली.

"हात लावशील तर याद राख!" मावशी ओरडली. "पायरी सरळ केलीस तर आम्ही सगळे रोज घरातच धप्प!"

"नवीन माणसाचं काय?" ओळंबा म्हणाला. "बाईंचं काय?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. नर्सबाई कठड्याला टेकून हा गोंधळ बघत होत्या.

"मला विचाराल तर पायरी राहू दे," त्या म्हणाल्या. "तिथे भिंतीला धरायला एक दांडा बसवा आणि कडेला चांगला ठळक रंग लावा. माझे पेशंटही असेच होते. एखादं हाड जरा वाकडं जुळायचं. ते परत मोडत नव्हतो आम्ही. आधार द्यायचो. चालायचे चांगले."

"आजच बसवतो," ओळंबा म्हणाला.

"दांडा मी धरते, तुम्ही ठोका," लेक म्हणाली.

"आधी पैज!" वस्तरा गरजला आणि डबा बडवायला लागला. त्याच्या मिशीत अजून फेस सुकून बसला होता, पण मिशी जागच्या जागी होती आणि त्याचा आनंद त्याला लपवता येत नव्हता.

ओळंबा त्या पायरीवर चढला. पाय तिने शिकवला होता तसाच उचलला आणि बरोब्बर टेकला. खालपासून वरपर्यंत जिना माणसांनी भरला होता. तो ताठ उभा राहिला. एरवीही ताठच असायचा, पण आज मान मोकळी होती.

"पायरी चुकली," तो म्हणाला, "मी चुकलो."

"मागे ऐकू नाही आलं!" भाजीवाला ओरडला.

"पायरी चुकली! मी चुकलो!" ओळंबा गरजला, आणि पैजेत नसलेलं आणखी एक वाक्य त्याने पदरचं घातलं, जिन्यातल्या काचा थरथरतील एवढ्या आवाजात. "आणि माझी लेक चुकली नाही!"

डबा जास्तच जोरात वाजायला लागला. ओळंब्याने खाली वाकून बघितलं. वस्तरा रिकाम्या हातांनी टाळ्या पिटत होता. डबा लेकीने हिसकावून घेतला होता.